अठरा लिटरचा हिशेब

स्युडोमोनास नावाचा जंतू ओळखायला कधी कधी नाकच पुरतं. रात्रभर ३७ अंशांवर ठेवलेली जंतू वाढवायची प्लेट सकाळी इन्क्युबेटरमधून काढली, झाकण जरा सरकवलं की पिकल्या द्राक्षांसारखा गोडसर वास येतो. प्लेट हुंगू नये असं आम्हाला शिकवतात, पण वास काय, आपसूक येतो. मी मूळचा तासगाव तालुक्यातला. घरची बाग आहे, थोरला भाऊ बघतो. त्यामुळं हा वास म्हणजे माझ्या लेखी फेब्रुवारी-मार्च, माल उतरायचे दिवस, क्रेट आणि शेडमधली गडबड. सांगलीत लॅब टाकली त्याला सोळा वर्षं झाली. आता हा वास बारमाही झालाय.

प्लेटवर आम्ही कागदाच्या बारीक टिकल्या ठेवतो. प्रत्येक टिकलीत एकेक अँटिबायोटिक मुरवलेलं असतं. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ गोल पडतो. त्याला आम्ही झोन म्हणतो. तो पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजायचा, तक्त्याशी ताडायचा आणि रिपोर्टवर ‘एस’ किंवा ‘आर’ लिहायचं. एस म्हणजे औषध चालेल, आर म्हणजे नाही. धंद्यात नवा होतो तेव्हा पट्टी हातातून सुटायची नाही. आता आयसीयूतून आलेल्या कित्येक नमुन्यांना पट्टी लागतच नाही. बांधाला लागून हरळी वाढावी तसे जंतू थेट टिकलीच्या कडेपर्यंत वाढलेले असतात. सेफ्ट्रिअॅक्झोन आर, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम आर, मेरोपेनेम आर. मग डॉक्टरांचा फोन येतो, “कोलिस्टिनचं बघा की.” कोलिस्टिनची चाचणी टिकलीवर धरत नाहीत, त्याला वेगळी पद्धत लागते आणि ती माझ्याकडं नाही. नमुना पुढं पाठवावा लागतो. हे १९५०च्या दशकातलं औषध, मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून मागं पडलेलं. वीज गेल्यावर माळ्यावरचा कंदील शोधावा तसं आता ते पुन्हा बाहेर काढलंय.

हे कुणामुळं झालं, याचं उत्तर आपल्याकडं सगळ्यांना पाठ आहे. लोक मेडिकलमधून मनानं गोळ्या घेतात, कोर्स अर्धवट सोडतात, गावातला डॉक्टर साध्या तापाला इंजेक्शन मारतो. खोटं काही नाही. म्हणून तर १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१, म्हणजे विक्रीला कडक नियम लावलेल्या औषधांची यादी, लागू झालं. त्यातल्या औषधांसाठी दुकानदारानं वेगळी वही ठेवायची, डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव लिहायचं, ती वही तीन वर्षं जपायची. २०१९ मध्ये जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यातून कोलिस्टिन देण्यावर बंदी आली. शेतीची पाटीही कोरी नाही. डाळिंबावर तेल्या रोग आला की आटपाडीकडं वर्षानुवर्षं स्ट्रेप्टोसायक्लिन हे अँटिबायोटिक फवारलं गेलंय, आणि त्यातलं स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे एकेकाळचं टीबीवरचं हुकमी औषध.

तरीही ‘लोकांना शिस्त नाही’ हे उत्तर मला आता पुरत नाही. त्यात सगळा दोष पेशंटच्या पदरात पडतो आणि रुग्णालयाची इमारत नामानिराळी राहते. माझं म्हणणं असं, की आपल्या छोट्या, पैशाची ओढाताण असलेल्या रुग्णालयांमध्ये अँटिबायोटिक हे निव्वळ औषध उरलेलंच नाही. तिथं जे जे कमी आहे, पाणी, साबण, सिस्टर, लॅब, त्या सगळ्याची भरपाई सलाईनमधून केली जाते. आणि असं असेल तर नवं, महागडं औषध आणणं किंवा पेशंटला आणखी एक पोस्टर दाखवणं हा उपाय नव्हे. पैसा आधी बेसिनला आणि नोंदवहीला लागला पाहिजे.

हे मला लॅबमध्ये बसून कळलं नाही. दोन वर्षांपूर्वी आप्पा, माझे वडील, अंगणात घसरले, खुब्याचं हाड मोडलं. ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं त्याचं नाव घेत नाही. तिथले डॉक्टर हाताचे चांगले, माणूस म्हणूनही सज्जन. ऑपरेशननंतर सात दिवस आप्पांना दोन अँटिबायोटिक चालू होती. आठव्या दिवशी टाक्यांतून पाणी यायला लागलं. पुढचं काम माझंच होतं. पू माझ्या लॅबमध्ये आला, प्लेट मीच लावली, दुसऱ्या दिवशी मीच वाचली. गुलाबी, चिकट, ओघळणाऱ्या कॉलन्या, म्हणजे जंतूंचे पुंजके. लूपनं उचलायला गेलो तर पक्क्या पाकाची निघावी तशी लांब तार निघाली. क्लेब्सिएला नावाचा जंतू. आणि जी दोन औषधं सात दिवस चालू होती, ती दोन्ही आर. आप्पा वाचले. एकतीस दिवस, दुसरं ऑपरेशन आणि आईच्या पाटल्या, एवढ्यात भागलं.

शस्त्रक्रियेआधी तासाभरात एक डोस द्यावा आणि ऑपरेशन झाल्यावर उगाच लांबवू नये, ही आता जगभर मान्य झालेली रीत आहे. ऑपरेशननंतर लांबवू नये हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. मग सात दिवस कशाला? मी डॉक्टरांना विचारलं. ते जरा थांबले आणि म्हणाले, “आमच्या थिएटरचा भरवसा धरू का मी?”

या एका प्रश्नात सगळं आलं. ड्रममधलं सामान नीट ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेवर निर्जंतुक, झालंय की नाही याची खात्री नाही, पाणी कुठून येतं याची नाही, ड्रेसिंग करणाऱ्या हातांची नाही. मग खात्रीच्या जागी इंजेक्शन. पण ते इंजेक्शन साधे जंतू मारतं आणि वॉर्डात आधीपासून ठाण मांडून बसलेल्या चिवट जंतूंना मोकळं रान करून देतं. वर, या जंतूंपैकी बऱ्याच जणांकडं औषध पचवायचं गुपित प्लाझ्मिड नावाच्या सुट्या तुकड्यावर असतं. तो तुकडा एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो, म्हणजे क्लेब्सिएलाचं ई-कोलायला. असल्याच एका जनुकाला नवी दिल्लीचं नाव मिळालं, एनडीएम-१, त्या नावावरून २०१० मध्ये आपण जेवढं भांडलो त्याच्या निम्म्यानं जरी नळाकडं बघितलं असतं तरी चाललं असतं.

एकतीस दिवस आप्पांच्या उशाशी बसून मी काय बघितलं ते सांगतो. तीस खाटांचा वॉर्ड, बेसिन एक, तेही टोकाला, संडासाच्या दाराशी. साबणाच्या जागी साबणाची रिकामी डबी. शेजारच्या म्हाताऱ्यांना ऑक्सिजन लावलेला, तो ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरच्या बाटलीत नळाचं पाणी, आणि बाटलीच्या तळाला हिरवट थर. माझा तो द्राक्षाच्या वासाचा पाहुणा अशाच ओल्या जागी सुखानं नांदतो. ट्रॉलीवर पाचशे मिलीची सलाईनची बाटली, तिच्या बुचात एक सुई कायमची टोचलेली. दिवसभर सगळ्यांच्या आयव्ही लाइन त्याच बाटलीतून फ्लश व्हायच्या. एका पेशंटचं काही त्या बाटलीत गेलं की ते तीसही जणांचं. फरशी पुसायला मावशी एकच आणि बादलीही एकच. हायपोक्लोराइटचं, म्हणजे जंतुनाशकाचं, पाणी कालचंच. ते रोज ताजं करावं लागतं, उन्हाउजेडात त्याचा जोर जातो, हे मावशींना कुणी सांगितलेलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी रोज नवी बाटली देणार कोण?

रात्रपाळीला सिस्टर एक. तिचा हिशेब मी एका रात्री जागेपणी मांडला, दुसरं काय करणार. तीस पेशंट, प्रत्येकाला रात्रभरात सहा वेळा हात लागतो असं धरा. इंजेक्शन, नाडी, लघवीची पिशवी, सलाईन, ड्रेसिंग, कूस बदलणं. म्हणजे १८० वेळा हात स्वच्छ करायचे. साबण-पाण्यानं नीट धुवायला मिनिटभर लागतं. बेसिनपर्यंतची ये-जा सोडली तरी तीन तास झाले. तीन तास हात धुणारी सिस्टर तीस माणसं सांभाळू शकत नाही, आणि हे न कळता आपण तिला ‘हात धुवा’चं पोस्टर लावून देतो. तेच खाटेशी सॅनिटायझर असेल तर एका वेळेला वीस ते तीस सेकंद. सगळं मिळून सव्वा तास. तोही फार आहे, पण निदान होण्यासारखा आहे.

सॅनिटायझर होतं का? होतं. कपाटात. कुलुपात. इन्चार्ज सिस्टरना विचारलं तर त्या म्हणाल्या, “बाहेर ठेवलं की नातेवाईक घरी नेतात हो. महिन्याला चार बाटल्या मिळतात, त्या पुरवायच्या.” चार बाटल्या, पाचशे मिलीच्या. म्हणजे दोन लिटर.

जागतिक आरोग्य संघटनेचं एक साधं माप आहे. एक पेशंट एक दिवस म्हणजे एक रुग्णदिवस, आणि हजार रुग्णदिवसांमागे सॅनिटायझरचा खप किमान २० लिटर हवा. तीस खाटा भरलेल्या असतील तर महिन्याला नऊशे रुग्णदिवस होतात. म्हणजे अठरा लिटर. जिथं अठरा हवेत तिथं दोन. उरलेल्या सोळा लिटरची भरपाई मेरोपेनेमनं होत होती आणि ते बिल आम्ही भरत होतो.

यात मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? हे आपल्या भागात घडतं याची. कृष्णाकाठ हा उसाचा, कारखान्यांचा, डिस्टिलऱ्यांचा मुलूख. संघटनेनं सॅनिटायझरची कृती सगळ्या जगाला फुकट देऊन ठेवलीय. दहा लिटरसाठी ९६ टक्क्यांचं इथेनॉल ८ लिटर ३३३ मिली, तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिली, ग्लिसरीन १४५ मिली, बाकी उकळून गार केलेलं पाणी. कुठल्याही रुग्णालयाच्या औषध विभागात होण्यासारखं आहे. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा राज्यातल्या साखर कारखान्यांनी सॅनिटायझरचे कॅन भरून दाखवले, परवाने पटापट निघाले. साथ ओसरली, कॅन संपले. जिल्ह्यातल्या प्रत्येक खाटेला वर्षभर पुरेल एवढं सॅनिटायझर करायला जे इथेनॉल लागेल ते या कारखान्यांच्या दृष्टीनं सांडलवंड आहे. पाण्याचंही तसंच. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी गेलं. आपण साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पाणी नेऊ शकतो, पण टाकीपासून वॉर्डाच्या मधोमध आणखी दोन बेसिन बसवायला इमारतीचा नकाशा, टेंडर आणि निधी आडवा येतो.

आणि मिरजेचं नाव निघालंच आहे तर, डॉ. वॉनलेस यांनी तिथं रुग्णालय उघडलं ते १८९४ मध्ये. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा, ते प्रत्यक्ष लोकांच्या हाताला लागलं ते त्याहून बऱ्याच पुढं, चाळीसच्या दशकात. म्हणजे मिरज हे वैद्यकीय गाव म्हणून नावाला आलं, कर्नाटकातून लोक तिथं ऑपरेशनला येऊ लागले, तो सगळा काळ अँटिबायोटिकशिवायचा होता. उकळतं पाणी, जंतुनाशक, घासून धुतलेले हात, वाफेवर निर्जंतुक केलेली हत्यारं. तेव्हा माणसं दगावत नव्हती असं नाही, पुष्कळ दगावत होती, आणि मला तो काळ परत नकोय. पण भरवसा थिएटरवरच ठेवावा लागत होता, कारण दुसरं काही हाताशीच नव्हतं.

माझं हे म्हणणं एकट्या मुलाचा राग म्हणून सोडून द्यायचं असेल तर आकडे बघा. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळं थेट गेलेले जीव जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार, असा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ ला आलेला अंदाज. दरडोई सर्वाधिक मृत्यू पश्चिम आफ्रिकेत, जिथं चांगली औषधं मिळायचीच मारामार. नुसत्या गोळ्या खाण्यानं हे होत असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं. २०२४ मध्ये त्याच नियतकालिकातल्या लेखमालेनं सांगितलं, की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत अशा जंतूंशी निगडित वर्षाला साडेसात लाख मृत्यू टाळता येतील, आणि त्यातले ३ लाख ३७ हजार केवळ रुग्णालयातला संसर्ग रोखून. नवं औषध न शोधता.

आता डॉक्टरांची बाजू. रात्री दोनला सेप्सिसचा, म्हणजे संसर्गानं अवयव निकामी व्हायला लागलेला, पेशंट येतो, बीपी लागत नाही, बाहेर पंधरा नातेवाईक. अशा वेळी ‘थांबा, कल्चर येऊ दे’ (म्हणजे जंतू वाढवून कुठलं औषध लागू पडतं ते कळू दे) म्हणणारा डॉक्टर मूर्ख ठरेल, आणि त्याला मारही बसेल. पहिला डोस मोठाच द्यायला हवा, तासाभरात द्यायला हवा, यावर माझं काहीही म्हणणं नाही. पण त्या डोसच्या आधी दोन मिनिटांत रक्त घेऊन कल्चरच्या बाटलीत टाकता येतं. बाटली रात्री उपलब्ध नसते. मग दोन दिवसांनी औषध खाली आणायचं, साध्या औषधावर यायचं म्हटलं तरी कशाच्या आधारावर आणणार? पेशंटला उतार पडला, चाललंय ते चालू दे, म्हणत मेरोपेनेम दहा दिवस जातं. माझ्याकडं कल्चरचे सहाशे रुपये होतात. मेरोपेनेमचा दोन-तीन दिवसांचा खर्चही बहुतेक वेळा त्याहून जास्त भरतो. (लॅबवाला कल्चर करा म्हणणारच, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. माझा धंदा आहे हे मी लपवत नाही. सरकारनं तालुक्याच्या रुग्णालयात स्वतःची लॅब आणि एक शिकलेला टेक्निशियन दिला तर माझं गिऱ्हाईक घटेल, आणि मी तेच मागतोय.)

नोंदीचा मुद्दा मला माझ्या भावानं शिकवला. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले. बागायतदार त्याला लिहोसिन म्हणतात. कंटेनर अडकले, लोक देशोधडीला लागायची वेळ आली. आज आण्णाच्या, म्हणजे त्या भावाच्या, खोलीत खिळ्याला वही टांगलेली असते. तारीख, औषध, प्रमाण, पाणी किती लिटर, काढणीला किती दिवस बाकी. नमुना लॅबला जातो, रेसिड्यूचा रिपोर्ट आल्याशिवाय माल हलत नाही. आणि युरोपातल्या दुकानात ठेवलेल्या पेटीवरून ती कुठल्या बागेतली ते ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांच्या ऑनलाइन नोंदीवर शोधता येतं. आप्पांच्या डिस्चार्जनंतर मी घरी चिडून बोलत होतो तेव्हा तो म्हणाला, “आरं, पेटीला माझा नंबर लागतोय न्हवं? मग ल्ह्यावंच लागतंय. तुमच्या दवाखान्याचा माल कोण परत पाठवतंय?”

खरं आहे. द्राक्षाला युरोपातलं गिऱ्हाईक आहे, त्याच्याकडं लॅब आहे आणि नको असेल तर माल परत करायची सोय. पेशंटकडं यातलं काही नाही. आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, अशा जंतूंच्या सर्वेक्षणाचं २०१३ पासूनचं जाळं आहे, पण ते प्रामुख्यानं मोठ्या संस्थांचं. विटा, जत, शिराळा, कोरेगाव, वडूज इथल्या वीस-तीस खाटांच्या दवाखान्यात कुठला जंतू कुठल्या औषधाला दाद देत नाही, हे डॉक्टरलाही माहीत नसतं, मग तो अंदाजानं सगळ्यात वरचं औषध लिहितो. जिल्ह्यातल्या सगळ्या लॅबचे, माझ्यासकट, रिपोर्ट पेशंटची नावं काढून एकत्र केले आणि वर्षातून एकदा दोन पानी तक्ता काढला तर त्याला काय खर्च येणार आहे? याला आमच्या भाषेत अँटिबायोग्राम म्हणतात. माझ्या कॉम्प्युटरमध्ये सोळा वर्षांचे रिपोर्ट पडून आहेत. आजवर एकाही अधिकाऱ्यानं मागितलेले नाहीत.

संसर्गाचे आकडे जाहीर करा म्हटलं की रुग्णालयं बिथरतात, आणि त्यांची भीती अगदीच पोकळ नाही. जो प्रामाणिकपणे तपासेल त्याच्याकडंच संसर्ग ‘दिसेल’. जो कल्चरच करत नाही त्याचा आकडा शून्य, आणि लोक शून्याकडं धावतील. म्हणून मी पहिल्या वर्षी संसर्गाचा आकडा मागतच नाही. शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ मध्ये बदल झाले, तेव्हापासून दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भिंतीवर लावावी लागते. त्याच भिंतीवर आणखी तीन ओळी येऊ द्या: खाटा किती, चालू बेसिन किती, गेल्या महिन्यात सॅनिटायझर किती लिटर खपलं. यात कुणाची बदनामी नाही. आणि हे कळायला नातेवाइकाला डॉक्टर असायची गरज नाही. डेअरीला दूध घालणाऱ्या माणसाला लिटरचा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही.

भिंतीवर कधी येईल ते येईल. तोवर मी आमच्या भागातल्या चार सरकारी रुग्णालयांच्या जन माहिती अधिकाऱ्यांकडं अर्ज टाकलेत, प्रत्येकी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दोनच प्रश्न आहेत: गेल्या आर्थिक वर्षात एकूण रुग्णदिवस किती, आणि हाताच्या सॅनिटायझरची खरेदी किती लिटर. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. आज अकरावा दिवस.